बॅन्जोला नखल्या लागतातच असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि. बॅन्जो (गिटारसारखं तारांचं वाद्य) म्हटलं की बोटांत धातूच्या नखल्या, म्हणजे तार छेडायच्या टोप्या, घालाच असं जो तो सांगतो, ते मला पटत नाही म्हणून लिहितोय. मी बरीच वर्षं क्लासिकल गिटार वाजवली, आता पाच तारांचा बॅन्जो घेतलाय. ओपन जी ट्युनिंगमधे (तारा मोकळ्या छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशा लावणीत) मधल्या तीन तारा डी जी बी स्वरांच्या, म्हणजे गिटारसारख्याच, फक्त पहिली ई ची डी होते, त्यामुळे डावा हात लवकर रुळला, गळा मात्र अरुंद आहे, गिटारचा नट (गळ्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ५२ मिमीच्या आसपास रुंद आणि याचा जेमतेम ३२, बोटं एकमेकांत अडकतात.

खरा त्रास उजव्या हाताला. स्टीलच्या तारेने आठवड्यात मधल्या बोटाच्या नखाला बारीक खाच पडली, मग नायलॉनच्या तारा लावल्या (ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, थोडा सरकवावा लागतो) आणि आवाज एकदम गोल, मऊ झाला. १९व्या शतकात लोक आतड्याच्या तारांवर उघड्या बोटांनीच वाजवायचे की! आखूड पाचवी तार अंगठ्याने सतत वाजत ठेवायची, हे गिटारवाल्याला नवीन, पण जमतं.

शिकवणाऱ्यांनो, नवीन माणसाला आधी उघड्या बोटांनी वाजवू द्या ना प्लीज.

आपला,
एक वाचक