वाचक तेवढेच, आकडे मात्र फुगलेले: ई-पुस्तकांच्या वापर अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ई-पुस्तक संचाचा फुगवलेला वापर आणि त्यावर बेतलेली दरवाढ

महोदय,

आमचे महाविद्यालयीन ग्रंथालय तुमच्या ई-पुस्तक संचाचे वर्गणीदार आहे. नूतनीकरणाच्या दरपत्रकाला जोडलेल्या तक्त्यात वापर कित्येक पटींनी वाढलेला दाखवून तुम्ही दर वाढवला आहे. ही वाढ मला मान्य नाही.

वर्षाच्या मध्यात तुम्ही संकेतस्थळ बदललेत. आधी अख्खे पुस्तक एकाच पीडीएफमध्ये उतरायचे, आता एकेक प्रकरण वेगळे उतरवावे लागते. पूर्वीच्या एका नोंदीच्या जागी बारा प्रकरणांच्या बारा नोंदी पडतात. पुस्तक तेच, विद्यार्थीही तोच. खात्री करावी म्हणून मी स्वतः एका बैठकीत एका पुस्तकाची नऊ प्रकरणे उतरवली. महिन्याच्या अहवालात त्यापुढे ‘टोटल आयटम रिक्वेस्ट्स’ (एकूण नोंदी) ९ आणि ‘युनिक टायटल रिक्वेस्ट्स’ (एका बैठकीत एक पुस्तक एकदाच मोजून) १ असे आले. हा दुसरा आकडा २०१९ पासून लागू झालेल्या, ई-साधनांचा वापर मोजण्याच्या ‘काउंटर’ या मानकाच्या रिलीज ५ मध्ये नेमका असल्याच घोळावर उपाय म्हणून आला. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही. मी अहवालातून काढून पाहिला, तर तो गेल्या वर्षी होता तिथेच आहे.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, डबल क्लिक आम्ही गाळतो.” गाळता, पण ती गाळणी त्याच प्रकरणावर ३० सेकंदांच्या आत पुन्हा पडलेल्या क्लिकपुरती. वेगवेगळ्या प्रकरणांशी तिचा काय संबंध?

परत पाठवलेल्या वाचकांचे काय, हेही विचारायचे आहे. बरीच पुस्तके एका वेळी एकालाच उघडता येतात. परीक्षा आली की मुले माझ्या टेबलापाशी येऊन पुस्तक उघडत नसल्याचे सांगतात. हे नकार टीआर-बी२ या काउंटरच्या नकार-अहवालात दिसायला हवेत. तो तीनदा मागूनही मिळालेला नाही.

रिलीज ५ च्या अहवालात शून्य वापराची पुस्तके येत नाहीत. तो नियमच आहे, त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. पण मग संचातल्या शीर्षकांची यादी तरी धड हवी. तुमच्या यादीत छापील आवृत्तीचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि अहवालात ई-आवृत्तीचा. जुळवता जुळवता माझ्या सहायकाचा आठवडा गेला, आणि कोणती पुस्तके वर्षभर कोणी उघडलीच नाहीत हे ग्रंथालय समितीला अजून सांगता आलेले नाही.

तरी युनिक टायटल रिक्वेस्ट्सवर आधारलेले नवे दरपत्रक, पूर्ण वर्षाचा टीआर-बी२ आणि दोन्ही आयएसबीएन असलेली यादी पाठवावी. तोवर नूतनीकरणाचा कागद मी प्राचार्यांपुढे सहीसाठी ठेवणार नाही.

कळावे,
ग्रंथपाल