गाभण गायीला कॅल्शियमची बाटली : वेळ चुकते आहे

संपादक महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरच्या गोठ्यांत उसाच्या वाढ्यांचे भारे येऊन पडतात. चारा स्वस्त, पण वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसते आणि ते अंगी न लागता शेणावाटे जाते. म्हणून वाढ्यांबरोबर कडबा किंवा मका हवा आणि दुभत्या गायीला रोज ५० ते १०० ग्रॅम खनिज मिश्रण. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोळ होतो तो पुढे.

गाय आटवली, म्हणजे विण्याआधी तिचे दूध काढणे थांबवले, की ‘ताकद यावी’ म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या सुरू होतात, त्या थेट विण्यापर्यंत. दूध संकलन केंद्रावर बिलातून कापून मिळतात, मग विचारतो कोण! प्रत्यक्षात गरज पडली की गाय हाडांतले कॅल्शियम रक्तात आणते. बाहेरून आयते मिळत राहिले तर ही यंत्रणा सुस्तावते. व्याल्याबरोबर चिकातून एकदम मोठी मागणी येते, यंत्रणा जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात गाय बसते, तिला उठता येत नाही. हाच दुग्धज्वर. तिसऱ्या वेतापुढच्या, भरपूर दूध देणाऱ्या संकरित गायींत तो जास्त दिसतो. म्हणून विण्याआधीचे तीन आठवडे कॅल्शियमची बाटली बंद ठेवावी, लसूणघासही टाळावा. कॅल्शियमची जेल द्यायची ती व्याल्याबरोबर आणि पुन्हा बारा तासांनी, गाय उभी असताना.

नावात ज्वर असला तरी कान हाताला गार लागतात. नाकपुडी कोरडी पडते, शेण थांबते, गाय मान वळवून कुशीवर टाकते. अशा गायीच्या तोंडात काहीही ओतू नये. तिला गिळता येत नाही, औषध फुप्फुसात उतरते. शिरेतून द्यायचे ४५० मिलीचे कॅल्शियमही पशुवैद्यकानेच द्यावे : बाटली कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, पंधरा-वीस मिनिटे लावून. घाईने सोडले तर हृदय जागीच बंद पडते. गावोगावी ‘सलाईन लावणारे’ नेमके हेच विसरतात.

व्याल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत गाय आंबोण (खुराक) सोडून नुसता कडबा चघळू लागली, दूध उतरले आणि श्वासाला गोडसर वास आला, तर ती कितनबाधा (किटोसिस), म्हणजे रक्तातली साखर कमी पडण्याचा आजार. तिथे कॅल्शियमचा उपयोग नाही. ग्लुकोज आणि प्रोपिलीन ग्लायकॉल लागते. जार (वार) व्याल्यानंतर बारा तासांत पडला नाही तर डॉक्टरांना बोलवावे. लोंबत्या जाराला दगड किंवा चप्पल बांधण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा, त्याने गर्भाशयाला इजा होते.

दूध संघांनी संकलन केंद्रांवर बाटल्यांशेजारी ‘विण्याआधी तीन आठवडे देऊ नये’ एवढी पाटी तरी लावावी, ही विनंती.

आणि गाय बसलीच, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून डॉक्टर येईपर्यंत तिला आडवी पडू देऊ नये, पोट फुगते. दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावून छातीवर बसती ठेवावी, खाली सिमेंटचा कोबा असेल तर पाचटाचा जाड थर द्यावा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. एकाच कुशीवर राहिली तर कॅल्शियम देऊनही मागचा पाय साथ देत नाही.

– एक पशुवैद्यक, पुणे