केफॅलसने अर्ध्यावर सोडलेला प्रश्न

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तू हल्ली इकडे फिरकतच नाहीस," आणि मी हसले. तुम्हाला ते लागलं, हे तुमच्या आवाजावरून कळलं. हसण्यामागचं कारण लांबलचक होतं, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले. या वयात पुन्हा वर्गात बसून मी जी जुनी पुस्तकं वाचतेय, त्यांतल्या प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये तुमचं वाक्य अगदी सुरुवातीला आहे. अथेन्सच्या पिरियस बंदरातलं एक श्रीमंत घर. घरातला म्हातारा केफॅलस नुकताच अंगणात देवांना बळी अर्पण करून आलाय, डोक्यावर फुलांचा मुकुट तसाच आहे, गादीच्या आसनावर टेकलाय. सॉक्रेटिस आत येतो तर हा पहिलं वाक्य काय बोलतो? तू इकडे फारसा येत नाहीस, यायला हवंस. माझ्या अंगात शहरापर्यंत येण्याचं बळ असतं तर तुला बोलवायची वेळच आली नसती. शरीराची सुखं जसजशी ओसरतात तसतशी गप्पांची ओढ वाढते, असंही वर सांगतो.

न्याय म्हणजे काय, आदर्श राज्य कसं असावं, यासाठी हे पुस्तक जगभर वाचलं जातं. मीही त्याच तयारीने, पेन्सिल हातात घेऊन बसले होते. आणि समोर आले ते चक्क तुम्ही.

सॉक्रेटिस यावर काय म्हणतो ते मी वहीत उतरवून ठेवलंय. त्याचा आशय असा, की मला खूप वय झालेल्या माणसांशी बोलायला आवडतं. ते अशा वाटेने पुढे गेलेले असतात जिथून बहुधा आपल्यालाही जायचंय. ती खडकाळ आहे की सोपी, हे त्यांनाच विचारायला हवं. वर्गात हा परिच्छेद अर्ध्या मिनिटात संपला. माझ्या बरोबरची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. त्यांना वादाला तोंड कधी फुटतंय याची घाई. मी मात्र तिथेच रेंगाळले.

केफॅलसचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. तो सांगतो, माझ्या वयाचे आम्ही जमतो तेव्हा बहुतेकांचं रडगाणं चालू असतं: तारुण्य गेलं, मजा गेली, घरचे विचारत नाहीत. पण दोष वयाचा नाही, स्वभावाचा आहे. माणूस समाधानी असेल तर म्हातारपण फारसं जड नाही. नसेल तर त्याला तारुण्यही जडच जाईल. सॉक्रेटिस त्याला सहज सोडत नाही. लोक म्हणतील, तुझ्याकडे पैसा आहे म्हणून तुला हे सुचतं! केफॅलस थोडं मान्य करतो, थोडं नाही. पैशाचा खरा उपयोग त्याच्या मते एवढाच, की कोणाला फसवावं लागत नाही आणि देवांचं किंवा माणसांचं देणं डोक्यावर ठेवून मरावं लागत नाही.

इथे सॉक्रेटिस त्याला पकडतो. म्हणजे खरं बोलणं आणि घेतलेलं परत करणं, हाच न्याय का? समजा, शहाण्या मित्राने तुझ्याकडे शस्त्रं ठेवायला दिली आणि वेड लागल्यावर तो ती मागायला आला, तर द्यायची का? केफॅलस म्हणतो, नाही, द्यायची नाहीत. आणि मग हसत उठून जातो. पूजेचं बघायचंय, पुढचा वाद मुलगा चालवेल. त्यानंतर दहा पुस्तकांचा (म्हणजे भागांचा) हा एवढा ग्रंथ संपतो, पण केफॅलस काही परत येत नाही. आमच्या सरांनी विचारलं, त्याला का घालवला असेल? एक मुलगी म्हणाली, परंपरेवर जगलेल्या माणसाला प्रश्न झेपत नाहीत म्हणून. वर्गाला हे पटलं. मला नाही पटलं. मला वाटतं, सॉक्रेटिसने एक चांगला प्रश्न विचारला, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच त्याला आपल्या आवडत्या प्रश्नाकडे वळवलं. मी माझ्या निबंधात हेच लिहिलंय. मार्क किती मिळतात बघू.

आई, तू विचारलंस की वर्गात नेमकं करतात काय. आधी मोठ्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, मग पंधरा-वीस जणांचा गट गोलात बसतो, पुस्तक उघडं ठेवून. "मला वाटतं" असं म्हटलं की लगेच विचारतात, "कुठे दिसलं?" आणि ओळ दाखवावी लागते. प्रत्येकाकडे वेगळ्या भाषांतराची प्रत, पानं वेगळी, तरी कोणाचं अडत नाही. प्लेटोच्या १५७८ साली छापलेल्या एका आवृत्तीची पानं सगळ्यांनी प्रमाण मानलीत, त्यांचे आकडे आणि अक्षरं आजही समासात छापतात. "३२८ ड" म्हटलं की सगळे त्याच ओळीवर. मला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटतं. दर आठवड्याला नवीन पुस्तक, दोन आठवड्यांनी निबंध. अवघड जातं ते वाचन नाही. एखाद्याचं म्हणणं आपल्याला पटत नसताना ते त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडून दाखवायचं, हे अवघड.

या वयात शिकायला बसण्याचा मुद्दाही निकालात निघाला. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात सुरुवातीलाच सांगून टाकलंय की राज्यशास्त्राचा विषय ऐकायला तरुण माणूस योग्य नाही, त्याला जगण्याचा अनुभव नसतो. हे वाचलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसले. हाच ॲरिस्टॉटल वक्तृत्वावरच्या ग्रंथात म्हाताऱ्यांचंही वर्णन करतो, बाबा. आयुष्यात बऱ्याचदा फसलेले असल्यामुळे ते कशाचीच खात्री देत नाहीत, प्रत्येक वाक्याला "कदाचित" जोडतात. तुम्हाला राग येईल, कदाचित.

आता होमर. 'इलियड' म्हणजे पंधरा हजारांवर ओळींची लढाई, असं मला वाटायचं, आणि बराच भाग तसा आहेही. कोणाच्या कुठे भाला घुसला याच्या याद्या मी भराभर उलटल्या. पण शेवटचं, २४ वं पुस्तक वाचून दोन दिवस दुसरं काही वाचवलं नाही. ग्रीकांचा योद्धा अकिलीसने ट्रॉयच्या हेक्टरला मारलंय आणि त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटवतोय. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम, ट्रॉयचा राजा, रात्री शत्रूच्या छावणीत जातो. सरळ अकिलीसच्या तंबूत शिरतो, त्याचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे. मग दोघं रडतात: एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि मेलेल्या मित्रासाठी. दोघांचं वैर संपलेलं नाही. प्रायम मध्येच घाई करतो तर अकिलीस लगेच भडकतो, माझा संयम बघू नकोस म्हणतो. मला हेच मोठं वाटलं, की कवी त्यांना एकमेकांचे मित्र करत नाही. जेवायला बसवतो, प्रेत परत देतो, अंत्यविधीसाठी युद्ध थांबवायचे दिवस ठरवतो. बस.

'ओडिसी'त दुसरा म्हातारा आहे, लेअर्टीझ. मुलगा ओडिसियस वीस वर्षं बेपत्ता. राजाचा बाप, पण शेतात राहतो, ठिगळं लावलेले कपडे घालतो, झाडांची आळी खणतो. ओडिसियस सगळे शत्रू मारून झाल्यावर शेवटी त्याला भेटायला येतो आणि, हे मला अजिबात आवडलं नाही, आधी खोटं नाव सांगतो. म्हाताऱ्याने दुःखाने डोक्यात माती घातल्यावरच याला राहवत नाही. बाप खूण मागतो. पायावरचा व्रण तर आहेच, पण खरी खूण पुढे येते. लहानपणी मी तुमच्या मागे बागेत पळायचो, झाडांची नावं विचारायचो, आणि तुम्ही मला स्वतःची म्हणून झाडं दिली होतीत: १३ नाशपतीची, १० सफरचंदाची, ४० अंजिराची, आणि द्राक्षवेलींच्या ५० रांगा कबूल केल्या होत्यात. लेअर्टीझचे गुडघे लटपटतात. राज्य मिळवून आलेल्या मुलाची ओळख पटते ती या यादीवरून. मोठमोठ्या अभ्यासकांनी या शेवटच्या पुस्तकाबद्दल शंका काढल्यात, ते नंतर कोणीतरी जोडलंय असंही काही जण म्हणतात. म्हणोत. ते नसतं तर मी 'ओडिसी' अर्धी मानली असती.

बाबा, तुमची खरी भीती मला माहीत आहे. तुम्ही उघड बोलला नाहीत, पण हे असलं शिकून माणूस घरच्यांशी वाद घालायला लागतो, अशी ती भीती. ती फार जुनी आहे. अथेन्समध्ये इ. स. पू. ४२३ साली ॲरिस्टोफेनीस या नाटककाराने यावर अख्खं प्रहसन लिहिलं, 'द क्लाउड्स'. कर्जबाजारी बाप सावकारांना बोलण्यात हरवता यावं म्हणून मुलाला सॉक्रेटिसच्या शाळेत घालतो. मुलगा शिकून येतो, बापाला मारतो, आणि तुम्ही मला लहानपणी माझ्या भल्यासाठी मारलंत तेव्हा मीही तुमच्या भल्यासाठीच मारतोय, हे तर्काने सिद्ध करून दाखवतो. शेवटी बाप शाळेला आग लावतो. पोट धरून हसलो आम्ही, पण पुढे इ. स. पू. ३९९ मध्ये खटला चालला तेव्हा स्वतःचा बचाव करताना सॉक्रेटिसला या नाटकातल्या चित्राचा उल्लेख करावा लागला, हे कळल्यावर वर्ग गप्प झाला.

मला याच्या शेजारी छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू ठेवावासा वाटतो. बाराव्या वर्षी शिकायला गेला, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून आला, मान ताठ. बाप उद्दालक त्याला एकच विचारतो: ज्याच्यामुळे न ऐकलेलं ऐकलेलं होतं, ते तू गुरूंना विचारलंस का? मुलगा म्हणतो, असं कसं असेल? गुरूंनाच माहीत नसावं, नाहीतर सांगितलं असतं, तुम्हीच सांगा. आणि खरं शिक्षण तिथून, घरी, सुरू होतं. मीठ पाण्यात टाकून, वडाचं फळ फोडून. तुम्ही शाळेला आग लावणारे नाही आहात, पण उद्दालकासारखं खोदून विचारणारेही अजून झालेला नाहीत. नुसतं "बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. केफॅलसच तो!

आणि आई, तुझ्यासाठी वेगळं. रोमन वकील सिसेरोने वयाच्या बासष्टीत म्हातारपणावर पुस्तक लिहिलं, इ. स. पू. ४४ मध्ये. केटो या ८४ वर्षांच्या रोमन राजकारण्याच्या तोंडून तो म्हातारपणावरचे चार आरोप एकेक करून खोडून काढतो: काम सुटतं, शरीर थकतं, सुखं जातात, मरण जवळ येतं. वकिलाने लिहिलेलं असल्यामुळे ते जरा जास्तच बिनतोड आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते वाचून बरं वाटेल की राग येईल, सांगता येत नाही. पण मला खटकलं ते दुसरंच. आमच्या यादीतल्या एकाही पुस्तकात, वाट कशी आहे, हे कोणी म्हाताऱ्या बाईला विचारत नाही. हेक्टरची आई तटावरून ऊर उघडा करून त्याला परत बोलावते, तो ऐकत नाही. ओडिसियसची आई त्याला भेटते ती थेट मृतांच्या लोकात. कशाने गेलीस विचारल्यावर म्हणते, आजाराने नाही, तुझ्या आठवणीने. तो तीनदा मिठी मारायला जातो, तीनदा हातात काही लागत नाही. त्यांना बोलायला मिळतं ते मुलांबद्दलच. स्वतःबद्दल नाही.

म्हणून मी तुला विचारते. गोळ्या घेतल्या का, झोप लागली का, डॉक्टर काय म्हणाले, हे रोज विचारतेच, ते चालू राहील. त्याखेरीज हे: वाट खडकाळ आहे की सोपी? काय सुटलं म्हणून बरं वाटतं? म्हाताऱ्या नाटककार सोफोक्लीझला कोणीतरी विचारलं की प्रेमात अजून रस आहे का, तर तो म्हणाला, गप्प रे, एका माथेफिरू मालकाच्या तावडीतून सुटल्यासारखं वाटतंय. हेही केफॅलसनेच सांगितलंय. तुझ्या बाबतीत तो मालक कोण होता? स्वयंपाकघर? आम्ही? बाबा? उत्तर पत्रातून दे, म्हणजे बाबांना मध्ये बोलता येणार नाही. हवं तर दोन ओळी लिही, पण "सगळं छान आहे" लिहू नकोस, मी "कुठे दिसलं?" असं विचारेन.

बाबा, तुम्हाला वेगळं काम. पुढच्या आठवड्यात सोफोक्लीझचं नाटक 'अँटिगनी' आहे. राजद्रोही ठरलेल्या भावाला पुरायचं नाही, असा क्रेऑन राजाचा हुकूम. बहीण अँटिगनी तो मोडते. क्रेऑनचा मुलगा हीमॉन बापाला समजवायला येतो, माझं वय बघू नका, म्हणणं बघा, म्हणतो. आणि क्रेऑन ऐकत नाही. वर्गात सगळे अँटिगनीच्या बाजूचे, क्रेऑनची बाजू मांडायला एकही हात वर आला नाही, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. नुकतंच यादवीतून वाचलेलं शहर, हातात आलेली नवी सत्ता, आणि पहिलाच हुकूम घरच्याच मुलीने मोडलेला. इतकी वर्षं माणसं सांभाळलीत तुम्ही, अशा वेळी काय करायचं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. छोटंसं नाटक आहे, प्रत सोबत पाठवतेय, अक्षर मोठं आहे. रविवारी फोन करेन तेव्हा तो आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
लेक