गौरीच्या जेवणाला बोललो त्याबद्दल

मनू,

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं तर लांबत चाललं म्हणून मेल करतोय, ऑफिसात नको वाचूस, रूमवर गेलीस की वाच.

गौरी जेवणाला तू पानावरून उठून लॅपटॉप घेऊन आत गेलीस, परत आलीस तेव्हा वरण गार झालेलं, आणि तू म्हणालीस की बाबा, पुढच्या महिन्यापासून मी सातनंतर टीम्स, ते ऑफिसचं मेसेजचं ॲप, बंद ठेवणार. त्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो की आजकालच्या पोरांना काम नको असतं. चुकलं माझं.

संध्याकाळी तुझी हिंजवडीच्या आयटीतली मंडळी गच्चीवर बसली होती ना, मी टाकीचं पाणी बघायला आलो आणि तिथेच थबकलो. बेंच म्हणजे प्रोजेक्ट नसताना नुसतं बसून राहणं, नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड, आणि सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी बेल कर्व्हसाठी, म्हणजे ठरलेल्या प्रमाणातच रेटिंग वाटायचं म्हणून, कुणालातरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं म्हणे. ती चष्मेवाली मुलगी कोडिंगबद्दल किती जीव लावून बोलत होती, तिचं दुखणं एवढंच की मॅनेजर रात्री अकराला मेसेज टाकतो आणि सकाळी विचारतो बघितला नाही का. कामाला नावं ठेवणारं एकही पोर नव्हतं गं तिथे.

मी भोसरीत कारखान्यात 31 वर्षं काढली. भोंगा झाला की कार्ड पंच करून बाहेर, थांबवायचं असेल तर सुपरवायझर येऊन विचारायचा, आणि ओव्हरटाइम डबल. ही काही मालकाची मेहेरबानी नव्हती, 1948 चा फॅक्टरी ॲक्ट होता, आठवड्याला 48 तास, त्यावर गेलं की दुप्पट पैसे, आणि तो पाळला जातोय का ते बघायला आमची युनियन होती. 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला 70 तास काम करा म्हणाले तेव्हा ती बातमी मीच फॅमिली ग्रुपवर टाकली होती, तुझं नाव घालून. काल रात्री लक्षात आलं की आमच्या कारखान्यात एरवी ओव्हरटाइम धरूनसुद्धा आठवड्याला 60 तासांच्या वर जाता यायचं नाही. जे मला स्वतःला कायद्याने करावं लागलं नाही ते मी तुला करायला सांगत होतो.

सात वाजता बंद म्हणतेस म्हणजे तू भोंगाच मागतेयस. खासदार सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसं बिल मांडलं होतं, ऑफिस सुटल्यावर फोन न उचलायचा हक्क, ते पास होईल तेव्हा होईल.

फक्त एकटीने नको करूस. एकटा माणूस बोलला की तो नडतो असं ठरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टीममधल्या चार-पाच जणांनी मिळून मॅनेजरशी बोला, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी मेलवर लिहून ठेवा.

शनिवारी येताना ऑफर लेटर घेऊन ये, कामाच्या तासांबद्दल त्यात काय लिहिलंय ते दोघं बसून नीट वाचू. आई कटाची आमटी करणारे.

बाबा