हळद आमची, मोसंबी आमची, मका पण आमचाच

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी वसमतकडचा हळदवाला शेतकरी. घरात कुणाला खोकला झाला की आई हळदीचं दूध देते आणि पिऊन झाल्यावर ग्लासच्या बुडाला पिवळा गाळ तसाच चिकटून राहतो. पोरगी बीएस्सीला आहे, ती म्हणाली बाबा हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा गुणाचा घटक, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पोटात गेलं तरी रक्तात लई थोडं पोचतं.

मग त्यावरचा उपाय पण तिनंच समजावला. मक्यात झीन नावाचं प्रोटीन असतं, ते अल्कोहोल-पाण्यात विरघळतं, त्यात कर्क्युमिन टाकून ते मिश्रण पाण्यात ओतलं की झीनचे एकदम बारीक कण बनतात अन् कर्क्युमिन आत अडकून बसतं, मग ते पाण्यात पसरून राहतं, हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. वरून पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या पदार्थाचा, थर दिला की कण गोळा होऊन बसत नाहीत, पोटातल्या आम्लातही जरा टिकतात. आणि हे पेक्टिन कशात असतं तर मोसंबीच्या सालीत! जालन्याकडं ज्यूसवाले ती साल उकिरड्यावर टाकतात साहेब, जीव तुटतो बघून.

बाजारात असल्या बारीक कणांची म्हणून नॅनो लिहिलेली प्रत्येक डबी खरी असंल असं मी म्हणत नाही, माणसांवर नीट चाचणी झाल्याशिवाय कुणी आजार बरा होतो म्हणू नये. पण वसमतला हळद संशोधन केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, दोघांनी मिळून हे काम हाती घ्यावं आणि आम्हा शेतकऱ्यांना बोलावून दाखवावं, एवढं तुमच्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवा.

आपला,
एक हळद उत्पादक, वसमत, जि. हिंगोली