हातचा एक

पुणे, २८ जानेवारी

प्रिय मुकुंदा,

सव्वा वर्षानं लिहितोय. मधे तुझे दोन मेल येऊन गेले. दिवाळीत तुझा फोन आला तो नीलानं घेतला आणि मी आंघोळीला गेलोय असं तिनं सांगितलं. गेलो नव्हतो. समोरच बसलो होतो आणि हातानं ‘नाही नाही’ करत होतो. ती अजून त्यावरून बोलते. का बोललो नाही ते पुढे येईलच, तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा मार्चमध्ये. झालं.

आता ऐक. गणपतीत ईशान बंगलोरहून आला तो बगलेत एक खोकं घेऊनच. त्याच्या ऑफिसातल्या कुणाकडून त्यानं पीडीपी-८/आयची, म्हणजे आपल्या लॅबमधल्या त्या जुन्या कॉम्प्युटरची, प्रतिकृती जुळवून आणली होती. समोर तसंच पॅनेल, तेच दिवे, तेच खटके, फक्त अंगानं लहान. आत पत्त्यांच्या जोडाएवढं एक कार्ड आहे, ते आपण पीडीपी असल्याचं सोंग बेमालूम करतं. ‘आजोबा, तुमचं मशीन,’ म्हणाला. मी म्हटलं, माझं नाही, आमच्या प्रोफेसराचं, म्हाताऱ्याचं. मी आणि मुकुंद रात्रपाळीचे गुरखे.

त्यानं माहितीपुस्तिका उघडायच्या आत माझा हात पॅनेलवर गेला, लोडर घालायला, म्हणजे टेपवरून बाकीचा प्रोग्रॅम आत घेणारा तो छोटा प्रोग्रॅम. ७७५६ लावलं, लोड ॲड्रेस दाबलं. ६०३२, डिपॉझिट. ६०३१, डिपॉझिट. ५३५७. ६०३६. ७१०६. मुकुंदा, तीन-तीन खटक्यांवर बोटं आपोआप पडत होती, रामरक्षा म्हणावी तशी. सोळाच्या सोळा शब्द, एकही न अडखळता. पन्नास वर्षांनी! आणि त्याच सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव आठवेना म्हणून मी त्यांना ‘अहो’वर निभावलं होतं.

ईशान म्हणे, हे रोज हातानं घालायचात? म्हटलं, रोज नाही रे, कुणाचा तरी प्रोग्रॅम मोकाट सुटून मेमरीचं शेवटचं पान, लोडर असतो ते, तुडवून गेला की मगच. कुणाचा, ते त्याला सांगितलं नाही. तू गप्प बस.

मग त्याला सगळं पुराण ऐकवलं. १९६५ साली पहिलं पीडीपी-८ १८,००० डॉलरला आलं, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काचेआडचं देवस्थान होतं. बाहेर कार्डांचा गठ्ठा घेऊन रांग, आणि एक स्वल्पविराम चुकला की प्रसाद उद्या. हे पहिलं मशीन असं की एखाद्या प्रोफेसरानं ग्रँटमधून घ्यावं, प्रयोगाच्या टेबलाशेजारी ठेवावं आणि काउंटरची वायर थेट त्यात खुपसावी. ४०९६ शब्दांची मेमरी, शब्द बारा बिटांचा, मूळ आज्ञा आठ. वजाबाकी त्यात नाहीच. आकडा उलटा करायचा, एक मिळवायचा आणि बेरीज करायची. यावर ईशानचा चेहरा असा झाला की मी चुलीवरच्या पाण्यानं अंघोळ करायचो असं सांगितल्यासारखा.

कोअर मेमरीचंही सांगितलं. म्हाताऱ्याच्या टेबलावर तो सुटा तुकडा असायचा, तारांत ओवलेली बारीक काळी कडी. तू म्हणाला होतास, ‘ही तर काळी पोत आहे, म्हातारीची हरवली असणार.’ म्हाताऱ्याला भाषांतर करून सांगताना माझी काय फे फे उडाली होती! आणि बर्फाच्या वादळात अख्ख्या बिल्डिंगची वीज गेली ती रात्र. तू रडकुंडीला आला होतास, दोन दिवसांचा स्पेक्ट्रम, आपल्या मोजणीचा सगळा आलेख, गेला म्हणून. सकाळी वीज आली, पुन्हा सुरू केलं, तर सगळे आकडे जिथल्या तिथे. लोहचुंबकाची मेमरी, तिला विजेशी काय देणंघेणं. त्या आनंदात तू गोडबोल्याच्या डब्यातला सगळा उपमा खाल्लास आणि आळ माझ्यावर आला. तो आळ मी आजतागायत वागवतोय, हे आजच्या पत्रात मुद्दाम नोंदवून ठेवतो. का ते कळेल.

ईशान म्हणाला, तुमचा जुना प्रोग्रॅम आहे का, चालवून बघू. माळ्यावरची ट्रंक काढली. टेलिटाइपवर, त्या टाइपरायटरसारख्या छपाईयंत्रावर, छापलेलं प्रोग्रॅमचं लिस्टिंग सापडलं, कडा चहाच्या रंगाच्या झाल्यात. खाली तुझी लॉगबुकाची वही. ती माझ्याकडे कशी आली, देव जाणे. १९७५ ला परत येताना सामानात आली असणार. तू ती महिनाभर शोधत होतास, मला आठवतंय. ही पहिली कबुली. दुसरी मोठी आहे.

तू माझा कोड कधी वाचला नाहीस. ‘तुझं तू बघ, माझं मी बघतो’ अशी आपली वाटणी होती. म्हणून सावकाश सांगतो.

आपले चॅनेल, म्हणजे स्पेक्ट्रमचे मोजणीचे कप्पे, ५१२. बारा बिटांत ४०९५ पर्यंतच मावतं, म्हणून दर चॅनेलला दोन शब्द, खालचा आणि वरचा. पाव मेमरी त्यातच गेली. स्केलरमधून, म्हणजे डिटेक्टरचे ठोके मोजणाऱ्या यंत्रातून, आलेले काउंट खालच्या शब्दात मिळवायचे. भरून वाहिला तर हातचा एक येतो, तो लिंक नावाच्या एका बिटात बसतो, आणि पुढच्या आज्ञेत तो वरच्या शब्दात घालायचा. शाळेतलीच बेरीज. पण या दोन आज्ञांच्या मधल्या फटीत, पाच-सहा मायक्रोसेकंदांच्या, टेलिटाइपचा इंटरप्ट, म्हणजे ‘हातातलं सोड, आधी माझं बघ’ असा इशारा, आला तर? मशीन परतीचा पत्ता शून्य नंबरच्या घरात ठेवतं आणि एक नंबरवर उडी मारतं. ॲक्युम्युलेटर, म्हणजे चालू बेरीज जिथे असते ती जागा, आणि लिंक जपून ठेवणं ही आपली जबाबदारी, ते मशीन करत नाही. मी ॲक्युम्युलेटर जपला होता.

लिंक जपली नव्हती.

आणि छपाईचा पुढचा आकडा काढताना मी ती चक्क पुसत होतो. म्हणजे परत येईपर्यंत हातचा गेलेला. त्या चॅनेलमधून ४०९६ काउंट हवेत.

विसरलो असतो तर एवढं लागलं नसतं. लिस्टिंगवर त्या जागी माझ्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय: ‘५ शब्द वाचवले!’ उद्गारचिन्हासकट. जपायच्या दोन आज्ञा, परतताना दोन आणि ठेवायला एक घर. प्रोग्रॅम मेमरीत बसत नव्हता, आणि मी हुशार होतो.

आता तुझे खड्डे आठव. १९७२-७३ चा तो हिवाळा. लोखंडाच्या सहा रेषा सुंदर यायच्या आणि मधेच कुठेतरी एकट्या चॅनेलला खड्डा. दर चॅनेलला पाच लाख काउंट, त्यात हा एक टक्क्याहूनही कमी, पण गोंगाटाच्या पाचसहा पट. खऱ्या रेषेला चारपाच चॅनेलची तरी रुंदी हवी, त्यामुळे हे फिजिक्स नव्हे हे म्हाताऱ्याला लगेच कळलं. इलेक्ट्रॉनिक्स म्हणाला. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे तू.

मी काय म्हणालो होतो? ‘मुकुंद जवळ बसला की खड्डा पडतो, मी बसलो की पडत नाही.’ भर ग्रुप मीटिंगमध्ये, फेब्रुवारीत. सगळे हसले. मुकुंदा, ते निरीक्षण शंभर टक्के खरं होतं! तुला धीर धरवायचा नाही. तासातासाला तू अख्खा स्पेक्ट्रम छापून बघायचास, दहा अक्षरं सेकंदाला, सातएक मिनिटं ती खटखट. मी रात्री मशीनला हात न लावता झोपायचो. तू छापायचास म्हणून इंटरप्ट यायचे, आणि खूप वेळा छापलं की एखादा नेमका फटीत सापडायचा. खड्डे तुझ्यामुळे पडत होते, पण तुझ्या सोल्डरिंगमुळे नव्हे.

तू प्रीॲम्प्लिफायर दोनदा नवा बांधलास. सगळी कोॲक्स बदललीस. ग्राउंडसाठी पाण्याच्या पाइपाला तांब्याची पट्टी गुंडाळलीस, टेबलाखाली झोपलास. वहीत सगळं आहे तारखांसकट. एप्रिलमध्ये आपण खड्डे हातानं बुजवले, शेजाऱ्यांची सरासरी घालून, आणि तसं पेपरात एका ओळीत लिहिलंही. तेव्हा पेपर खोटा नाही, ती काळजी करू नकोस. मी पहिली तीच केली, आणि त्याची नंतर लाज वाटली.

तुझ्या वहीत चिकटवलेल्या पट्ट्यांवरून मी सगळे खड्डे मोजले. २३. प्रत्येकाची खोली शेजाऱ्यांच्या सरासरीतून काढली. एकेक पाहिला तर ३,२०० काय, ४,९०० काय, कुणालाच काही कळलं नसतं. पण तेवीसांची सरासरी ४,०७१ आली. म्हाताऱ्यानं विचारलं असतं म्हणून सांगतो, कमी-जास्त १६०. हे कुणीही तेव्हा दहा मिनिटांत करू शकलं असतं. मी सरासरीचाच प्रोग्रॅम लिहीत होतो!

तरी मन मानेना. आपल्या प्रयोगातला किरणोत्सारी कोबाल्ट-५७ नीला घरात येऊ देणार नाही, म्हणून प्रोग्रॅमलाच खोटे, ठरावीक काउंट पुरवले आणि छपाई सतत चालू ठेवली. सगळे चॅनेल सारखेच यायला हवेत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर ३०७ नंबरचा चॅनेल बरोबर ४०९६ नं कमी. मग ते पाच शब्द घातले आणि आठवडाभर चालवलं. एकही खड्डा नाही. पुण्यात मी दुरुस्त केलेले हे एकमेव खड्डे.

हे ऑक्टोबरातलं. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. काय सांगणार होतो? ‘शुभ दीपावली, आणि ते सोल्डरिंग बरोबर होतं’? तुझी डिग्री वर्षभर लांबली. म्हाताऱ्यानं शिफारसपत्रात काय लिहिलं ते आपल्याला कळलं नाही, पण तू ज्या पोस्टडॉकसाठी अर्ज केला होतास तिथून नकार आला आणि तू कंपनीत गेलास. नंतर बरंच चाललं तुझं, माझ्यापेक्षा चांगलंच चाललं, हे नीला म्हणते आणि मी तिला गप्प करतो. तू फिजिक्स का सोडलंस हे मी तुला कधी विचारलं नाही. परत आल्यावर ट्रॉम्ब्याच्या टीडीसी-१२ वर बसलो तेव्हा तुला लांबलचक पत्र लिहिलं होतं, आपल्याकडेही बारा बिटांचं मशीन बनलंय म्हणून. तुझं उत्तर दोन ओळींचं आलं. मला वाटलं तू कामात असशील.

नीला म्हणते, पन्नास वर्षांनी असली गोष्ट कुणी धरून बसत नाही. ईशान म्हणतो, बग सगळ्यांकडून होतात, आजोबा. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांनाही यातलं काही कळलेलं नाही.

कारण पान ६१. तारीख १९ जानेवारी, म्हणजे मीटिंगच्या आधी. इंग्रजी नोंदीच्या कडेला तू बारीक मराठीत लिहिलंयस: ‘छापताना होतंय का? शऱ्याला विचारणे.’ खाली दोनदा रेघ.

तू विचारलं होतंस का? मी तेव्हापासून डोकं खाजवतोय. विचारलं असशील आणि मी ‘कोडमध्ये काही नाही’ म्हणून तुला उडवून लावलं असेल, तर मला ते आठवायला हवं. सोळा आकडे बोटांत राहिले आणि हे राहिलं नाही. की तू विचारलंच नाहीस, कारण मी त्या महिन्यात कुणालाही चावायला उठत होतो? कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही. तुझ्याकडे उत्तर असेल तर दे. नसेल तर बनवू नकोस, तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस ते मला फोनवर कळतं, त्यात तू कच्चा आहेस.

तुझी वही पुतण्याबरोबर पाठवतोय, तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे येतोय. वहिनींसाठी चितळ्यांची बाकरवडी आहे, कस्टमनं सोडली तर. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? जिना चढतोस का? अनघाच्या धाकट्याचं बारसं झालं असं नीलाकडून कळलं, नाव मात्र ती विसरली (आमच्या घरात हे असं चाललंय), तेवढं कळव. बर्फ फार असेल तर तूच काढत बसू नकोस, कुणाला तरी पैसे देऊन काढून घे.

तुझा,
शऱ्या

ता. क. ‘नोव्हा घेतली असती तर सोळा बिट मिळाले असते’ हे तू आता म्हणणारच. त्या नोव्हा कॉम्प्युटरातही इंटरप्टमध्ये कॅरी, म्हणजे हातचा, स्वतःच जपावा लागतो. मी तिथेही पाच शब्द वाचवले असते.