प्रभारींच्या पाठीराख्यांचे आभार

नोकरीच्या सुरुवातीलाच जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकपदाचा प्रभार अंगावर पडलेल्या आम्हा शिक्षकांकडून मनापासून आभार.

चार्ज-यादीवर (ताब्यात घ्यायच्या गोष्टींच्या यादीवर) सही करण्याआधी जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांची प्रवेश नोंदवही), कॅशबुक-पासबुक आणि शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा साठा प्रत्यक्ष ताडून पाहायला लावणाऱ्या निवृत्त गुरुजींचे. हा तांदूळ रोज पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150. हजेरी घेण्याआधीच तांदूळ शिजायला टाकला की महिनाअखेर साठा जुळत नाही, हे पोत्याजवळ उभं राहून दाखवणाऱ्या स्वयंपाकी ताईंचे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात ना, मग सभा मजुरीच्या वेळेत का, असं ठणकावणाऱ्या आयांचे.

आणि शेजारच्या शाळेतल्या बाई, तुमचे खास. वयाने मोठ्या सहकाऱ्याला सूचना वर्गासमोर नव्हे, ऑफिसात द्यायची, तीही आधी त्यांचं मत विचारून. हे कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.